केअर कोर्ट (कॅलिफोर्निया): अर्ज कोणी करायचा, काउंटी काय करते आणि घोडं कुठे अडतं

मुळामुठा

कोणाच्या सज्ञान मुलाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो औषध घेत नाही असं कळलं, की बे एरियातल्या मराठी गटांवर कोणीतरी हमखास लिहितं, "केअर कोर्टात जा." म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली काउंटीकडून उपचार मिळवा. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. माहिती असलेल्यांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं. अनुभवकथनासाठी वेगळा धागा आहे. इथे फक्त कार्यपद्धती.

कायदा म्हणजे सिनेट बिल १३३८. सप्टेंबर २०२२ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांची सही झाली. वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडमध्ये कलम ५९७० पासून पुढे तो सापडेल. ग्लेन, ऑरेंज, रिव्हरसाइड, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को, स्टॅनिस्लॉस आणि टुओलमी या सात काउंट्यांनी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) १ ऑक्टोबर २०२३ ला सुरुवात केली, लॉस एंजेलिसने त्याच वर्षी १ डिसेंबरला. बाकीच्या काउंट्या डिसेंबर २०२४ पर्यंत आल्या. सॅन मतेओ त्याआधीच, जुलैत.

मामला दिवाणी आहे. गुन्हा नाही, आरोपी नाही. ज्याच्यासाठी अर्ज असतो त्याला 'रिस्पॉन्डंट' म्हणतात. कोर्ट त्या काउंटीचं सुपीरियर कोर्ट, उपचार काउंटीच्या बिहेवियरल हेल्थ (मानसिक आरोग्य) खात्याचे. ही दोन घरं वेगळी आहेत. सुपीरियर कोर्ट राज्याच्या न्यायव्यवस्थेत येतं, ते काउंटीच्या सुपरवायझरांच्या हाताखाली नाही. कोर्टाकडे डॉक्टर नाही आणि काउंटीकडे हुकूम नाही. दोघांची सांगड घालण्यासाठी हा कायदा केला, आणि बहुतेक अडचणीही त्या सांध्यातच येतात.

पहिला गैरसमज आत्ताच काढून टाकू. केअर कोर्ट सक्तीने औषध देत नाही. न्यायाधीश औषधाचा आदेश काढू शकतात, पण कोणी धरून इंजेक्शन देणार नाही. औषध घेतलं नाही म्हणून कोर्टाचा अवमान, दंड, तुरुंग, काहीही नाही.

शमी

चांगला धागा. पात्रतेबद्दल लिहिते, कारण बरेच अर्ज तिथेच गळतात.

वय १८ किंवा जास्त. निदान स्किझोफ्रेनिया वर्गातलं हवं: स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह किंवा त्या वर्गातला दुसरा सायकोटिक आजार. १ जानेवारी २०२६ पासून सायकोसिसची लक्षणं असलेला बायपोलर-१ सुद्धा चालतो (सिनेट बिल २७). नुसतं डिप्रेशन, ओसीडी, पीटीएसडी चालत नाही. डिमेन्शिया, ऑटिझम, डोक्याला मार लागून आलेले भास यांतलं काही चालत नाही. नुसतं व्यसन असेल तरी नाही. व्यसनाबरोबर वरचं निदान असेल तर हरकत नाही.

निदान हा एकच निकष नाही, हे लोक विसरतात. आजार गंभीर आणि टिकून असलेला हवा. सध्या स्वेच्छेच्या उपचारावर ती व्यक्ती स्थिर नसावी. शिवाय दोहोंपैकी एक: तब्येत ठळकपणे खालावते आहे आणि कोणाच्या देखरेखीशिवाय ती सुरक्षित जगेल असं दिसत नाही, किंवा आजार पुन्हा उसळू नये, स्वतःचं स्वतः करता न येण्यापर्यंत किंवा इजा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ नये, यासाठी आत्ता सेवा हव्यात. वर हेही दाखवायचं की हा सगळ्यांत कमी बंधनाचा मार्ग आहे आणि त्याचा फायदा होण्याची शक्यता आहे.

मुलगा महिन्याचं इंजेक्शन नियमित घेतोय, फक्त नोकरी करत नाही आणि घरात भांडतो, अशा कारणावर अर्ज टिकत नाही. तो 'स्थिर' धरला जातो.

जिन्याखालचा

अर्जाबद्दल. मुख्य फॉर्म केअर-१००. फी नाही. भरण्याआधी केअर-०५०-इन्फो ही माहितीपत्रिका वाचा, तीत प्रत्येक रकान्याचं स्पष्टीकरण आहे. कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरमध्ये फुकट मदत मिळते. तिथली माणसं फॉर्म समजावून देतील, तुमच्या बाजूने वकिली करणार नाहीत.

केअर-१०० बरोबर पुरावा लावावाच लागतो. दोन पर्याय आहेत.

पहिला, केअर-१०१. हा परवानाधारक मानसोपचार व्यावसायिकाने भरायचा. अर्जाच्या आधीच्या ६० दिवसांत तपासलेलं हवं. तपासू दिलं नसेल तर 'अनेकदा प्रयत्न केला, सहकार्य मिळालं नाही, तरी निकष पूर्ण होतात असं मानायला ही कारणं आहेत' असं त्याने लिहिलं तरी चालतं. हा दुसरा भाग डॉक्टरांनाच पुष्कळदा ठाऊक नसतो. "मी पेशंट बघितलाच नाही, सही कशी करू?" असं म्हणून ते हात वर करतात. फॉर्म छापून न्या आणि तो रकाना बोट ठेवून दाखवा.

दुसरा, किमान दोन वेळा 'इंटेन्सिव्ह ट्रीटमेंट'साठी दाखल केल्याचा पुरावा, त्यातली शेवटची वेळ मागच्या ६० दिवसांतली. इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो. इंटेन्सिव्ह ट्रीटमेंट म्हणजे फक्त कलम ५२५० खालचा १४ दिवसांचा होल्ड (संमती नसताना हॉस्पिटलात ठेवणं). ५१५० चा ७२ तासांचा होल्ड त्यात धरत नाहीत. सहा वेळा पोलिसांनी ५१५० वर नेलं आणि सहाही वेळा तिसऱ्या दिवशी सोडलं, तर या रकान्यापुरते ते सहा म्हणजे शून्य. ५२५० च्या सर्टिफिकेशनची प्रत लावा. प्रत नसेल तर तो होल्ड प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं शपथेवरचं निवेदनही चालतं.

सॅनमतेओकर

जिन्याखालचा, +१. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे जायचं आणि दोन गोष्टी मागायच्या: ५२५० झालं का, कोणत्या तारखेला, आणि केअर-१०१ भरून द्याल का. आणखी एक: दाखल केलेल्या हॉस्पिटलचा संचालक स्वतःही अर्जदार होऊ शकतो. शेवटच्या होल्डपासून ६० दिवस मोजले जातात आणि ते भरभर सरतात. घरी येऊन 'आता बघू कसं जमतं ते' करत दोन महिने गेले की पुन्हा पहिल्यापासून.

रुग्णाच्या संमतीशिवाय हॉस्पिटल माहिती देत नाही, हे खरं. पण घरच्यांनी दिलेली माहिती *घ्यायला* हिपाची (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या फेडरल कायद्याची) आडकाठी नाही. कॅलिफोर्नियात तर असेंब्ली बिल १४२४ (२००१) नुसार होल्डचा निर्णय घेताना घरच्यांनी दिलेला पूर्वेतिहास विचारात घ्यावा लागतो. बऱ्याच काउंट्यांचे त्यासाठी एकदोन पानी फॉर्म आहेत. आधी भरून ठेवा: औषधांची नावं, कशाने गुण आला, कशाने त्रास झाला, आधी कधी कुठे दाखल होता. रात्री दोन वाजता इमर्जन्सीत हे आठवत नाही.

अश्विनी_की_भरणी

केअर-१०० मध्ये हकीकत काय लिहायची? "तो खूप आक्रमक आहे, कोणाचंच ऐकत नाही" एवढं पुरेल का?

जिन्याखालचा

नाही पुरणार. त्यात न्यायाधीशाच्या हाती लागेल असं काही नाही. तारीख, काय दिसलं, काय ऐकलं, परिणाम काय झाला, एवढंच लिहा.

बाद नमुना: "तो स्वतःची अजिबात काळजी घेत नाही आणि त्याला भ्रम होतात."

चालणारा नमुना: "३ मार्चपासून त्याने शिजवलेलं अन्न खाल्लेलं नाही, जेवणात विष असल्याचं सांगतो. फक्त सीलबंद बिस्किटं खातो. कपडे सैल झाले आहेत. १४ मार्चला स्मोक अलार्ममधून आवाज येतात म्हणून छतातले तिन्ही अलार्म तोडले. २० मार्चला रात्री अनवाणी हायवेच्या कडेने चालताना पोलिसांना सापडला, ५१५० वर नेलं, २२ मार्चला सोडलं. दिलेली औषधं बंद पाकिटात तशीच आहेत."

यात 'आक्रमक' हा शब्द नाही, 'बिचारा' नाही, आईचे अश्रू नाहीत. तरी प्रत्येक वाक्य एकेका निकषाला जाऊन भिडतं. पान-दीड पान बास. जुना इतिहास लागलाच तर शेवटी चार ओळींत. आणि खोटं काही लिहू नका, फुगवूनही नको: सही 'पेनल्टी ऑफ पर्जरी'वर आहे, म्हणजे खोटं लिहिणं हा गुन्हा. बिनबुडाचे किंवा छळण्यासाठी केलेले अर्ज एकाहून जास्त झाले तर कोर्ट अर्जदारालाच 'व्हेक्सेशस लिटिगंट' (त्रास देण्यासाठी दावे करणारा) ठरवू शकतं. घटस्फोटाच्या भांडणात हे हत्यार म्हणून वापरायच्या विचारात कोणी असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

आठवा_मजला

अर्ज दाखल झाल्यावरचा मार्ग, काउंटीच्या बाजूने.

न्यायाधीश आधी कागदावरच बघतात: प्रथमदर्शनी निकष बसतात का. नाही बसले तर अर्ज फेटाळतात. पुरावा लावून पुन्हा करता येतो. बसले, आणि अर्जदार काउंटी स्वतः नसेल, तर कोर्ट काउंटीला चौकशी करून लेखी अहवाल द्यायला सांगतं. त्यात तीन गोष्टी असतात: रिस्पॉन्डंट निकषात बसतो का, त्याला स्वेच्छेने उपचारात आणायचे काय प्रयत्न केले, त्यांचं फलित काय.

हा मधला टप्पा बाहेरून रिकामा वाटतो. खरं काम तिथेच चालतं. आउटरीचवाले (रुग्ण असेल तिथे जाऊन त्याला भेटणारी माणसं) पहिल्या भेटीत आजाराचं नाव काढत नाहीत. गाडीत राहणारा माणूस असेल तर पार्किंगमध्ये जाऊन पाणी, मोजे, फोनचा चार्जर देतात, दहा मिनिटं उभे राहतात आणि निघतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत "डीएमव्हीचं ओळखपत्र काढायला नेऊ का?" असं विचारतात. ज्याला आपण आजारी आहोत हेच जाणवत नाही (अनोसॉग्नोसिया), त्याच्याकडे 'उपचार' शब्द घेऊन गेलं की दार बंद. ओळखपत्र, मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), झोपायची जागा या वाटेने गेलं तर उघडतं.

काम फसतं ते असं: अर्जात शेवटचा ठावठिकाणा म्हणून दोन वर्षांपूर्वीचा पत्ता. माणूसच सापडत नाही, मुदतवाढीवर मुदतवाढ आणि शेवटी अर्ज निकालात. म्हणून अर्जाबरोबर पत्त्यापेक्षा *सवयी* द्या. कुठल्या लायब्ररीत बसतो, कुठल्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरला जेवतो, गाडीचा रंग आणि नंबर, कोणत्या वेळी जागा असतो, कोणती भाषा बोलला की मोकळा होतो, युनिफॉर्म बघून बिथरतो का. अलीकडचा फोटो काउंटीच्या संबंधित माणसाकडे वेगळा पोचवा.

शमी

याला जोडून. या टप्प्यात माणूस स्वेच्छेने उपचार घ्यायला तयार झाला आणि ते जमतंय असं अहवालात आलं तर कोर्ट केस *डिसमिस* करतं. घरच्यांना वाटतं हरलो. हरलेलं काही नसतं, उलट याहून बरा निकाल कुठला? डिसमिस झालेले सगळे अर्ज 'अपयश' म्हणून मोजणाऱ्या बातम्याही याच कारणाने जपून वाचाव्यात. अर्थात दुसरी बाजूही आहे. सुरुवातीला ७,००० ते १२,००० लोक पात्र ठरतील असा सरकारी अंदाज होता आणि प्रत्यक्ष अर्ज त्याच्या जवळपासही गेले नाहीत. डिसमिस झालेल्यांतले किती खरंच उपचारात टिकले हा प्रश्न विचारायलाच हवा.

आठवा_मजला

मान्य. पुढचे टप्पे, कागदावरच्या मुदतींसह. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात, कारण दोन्ही बाजूंच्या संमतीने किंवा सबळ कारणाने मुदतवाढ मिळते.

अहवालानंतर कोर्टाला अर्जात दम वाटला तर १४ कोर्ट-दिवसांच्या आत पहिली हजेरी. रिस्पॉन्डंटला वकील आधीच नेमलेला असतो, फुकट: लीगल सर्व्हिसेस संस्थेचा, तो नसेल तर पब्लिक डिफेंडर (सरकारी बचाव वकील). मूळ अर्जदाराने या हजेरीला असलंच पाहिजे. गेला नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो. याच वेळी अर्जदाराच्या जागी काउंटीच्या बिहेवियरल हेल्थ संचालकाचं नाव लागतं आणि केस काउंटी पुढे चालवते.

मग १० दिवसांत गुणदोषावर सुनावणी. इथे पुराव्याची पातळी 'क्लिअर अँड कन्व्हिन्सिंग', म्हणजे नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा वरची. निकष सिद्ध झाले की लगेच आदेश निघत नाही. आधी काउंटी आणि रिस्पॉन्डंट यांनी मिळून 'केअर अ‍ॅग्रीमेंट' करायचं, त्यासाठी १४ दिवसांत पुन्हा सुनावणी. बहुतेक चांगली कामं इथेच मार्गी लागतात. जमलं नाही तर क्लिनिकल मूल्यमापन, २१ दिवसांत त्यावर सुनावणी आणि त्यानंतर १४ दिवसांत 'केअर प्लॅन'. न्यायाधीशांनी प्लॅन मंजूर केला की वर्ष सुरू. किमान दर ६० दिवसांनी आढावा. अकराव्या महिन्यात ठरतं: बाहेर पडायचं, की आणखी एक वर्ष. वाढ एकदाच.

प्लॅनमध्ये काय असतं? उपचार, स्थिरतेची औषधं, व्यसन असेल तर त्यावरचा उपचार, राहण्याची सोय, सामाजिक मदत. रिस्पॉन्डंट स्वतःच्या पसंतीचा एक 'सपोर्टर' घेऊ शकतो. निर्णय त्याचेच राहतात, सपोर्टर समजावून सांगायला सोबत असतो.

उंबराचं_फूल

घराबद्दल जरा स्पष्ट लिहा हो. लोकांना वाटतं कोर्टाने सांगितलं की काउंटी फ्लॅट देते.

आठवा_मजला

नाही देत. प्लॅनमध्ये घराची गरज लिहिता येते, ब्रिज हाउसिंगच्या (तात्पुरत्या घरांच्या) पैशात केअरवाल्यांना प्राधान्य आहे, पण कोर्ट काउंटीला "अमुक खोली दे" असा हुकूम सोडू शकत नाही. माझ्या मते या कायद्याची सगळ्यांत कच्ची वीट हीच. महिन्याचं इंजेक्शन देता येतं, पण इंजेक्शनच्या दिवशी माणूस सापडायला हवा ना, आणि तंबू दर आठवड्याला हलतो. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १ मध्ये ६.३८ अब्ज डॉलरचे रोखे आहेत, उपचाराच्या जागा आणि घरं यांसाठी. इमारती उभ्या राहायला वेळ लागतो आणि आढावा ६० दिवसांनी येतो.

दंड आहे, तो काउंटीला. कायद्याप्रमाणे काम केलं नाही तर दिवसाला १,००० डॉलरपर्यंत, एका उल्लंघनासाठी जास्तीत जास्त २५,०००. लोक म्हणतात या कोर्टाला दात नाहीत. आहेत, फक्त ते काउंटीकडे वळलेले आहेत.

मुळामुठा

हे शेवटचं वाक्य वर चिकटवायला हवं. मुलाला 'वठणीवर' आणायला कोर्ट, अशी अपेक्षा धरून येणारे निराश होणार. 'काउंटीने माझ्या मुलाची फाइल बाजूला ठेवू नये, कोणीतरी दर दोन महिन्यांनी तिला जाब विचारावा' एवढ्यासाठी येणार असाल तर हे कोर्ट उपयोगाचं आहे.

अश्विनी_की_भरणी

आणि प्लॅन मोडला तर? काहीच होत नाही का?

जिन्याखालचा

शिक्षा होत नाही. मात्र काउंटीने वेळेवर सगळं पुरवूनही रिस्पॉन्डंटने प्लॅन पूर्ण केला नाही आणि कोर्टाने त्याला कार्यक्रमातून काढलं, तर पुढचे सहा महिने ही गोष्ट कॉन्झर्व्हेटरशिपच्या (रुग्णाचे निर्णय घ्यायला कोर्ट दुसरा माणूस नेमतं, त्याच्या) सुनावणीत विचारात घेतली जाते. 'याला यापेक्षा जास्त हस्तक्षेप लागेल' असं गृहीतक उभं राहतं. रिस्पॉन्डंटचा वकील अगदी पहिल्या भेटीत हे सांगतो, म्हणून काही जण सुरुवातीलाच ठाम नकार देतात. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा विरोधही या सक्तीच्या सावलीलाच आहे. त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली, एप्रिलमध्ये ती याचिका दाखल करून घ्यायला कोर्टाने नकार दिला.

इथे दुसऱ्या वाटाही सांगतो, कारण चुकीच्या दारात उभं राहून महिने जातात.

आत्ता या क्षणी जीव धोक्यात असेल तर केअर नव्हे, ५१५०. तो पोलीस किंवा काउंटीने नेमलेले व्यावसायिक लिहितात, आईबाप नाही. ९८८ ला (मानसिक आणीबाणीची हेल्पलाइन) फोन करून मोबाइल क्रायसिस टीम मागता येते. केअरला आठवडे-महिने लागतात.

लॉराज लॉ (असेंब्ली बिल १४२१, २००२) म्हणजे असिस्टेड आउटपेशंट ट्रीटमेंट, कोर्टाच्या आदेशाने बाहेर राहून उपचार. नेव्हाडा काउंटीत २००१ मध्ये झालेल्या गोळीबारात मारल्या गेलेल्या लॉरा विलकॉक्सच्या नावावरून. तिथे निदान स्किझोफ्रेनियाचंच हवं असं नाही, पण इतिहास हवा: ३६ महिन्यांत दोनदा दाखल, किंवा ४८ महिन्यांत हिंसक वागणं वा तसा प्रयत्न. कोर्टात अर्ज फक्त काउंटीचा संचालक करतो. घरचे त्याला विनंती करू शकतात, बस. आदेश १८० दिवसांचा. केअरमध्ये घरच्यांना थेट कोर्टाचं दार आहे, हा मोठा फरक.

कॉन्झर्व्हेटरशिप सगळ्यांत कडक, एकेक वर्षाची. तीत बंद वॉर्ड येऊ शकतो. तिच्यासाठी लागणाऱ्या 'ग्रेव्हली डिसेबल्ड' (आजारामुळे स्वतःचं स्वतः करता न येणारा) या निकषाची व्याख्या सिनेट बिल ४३ (२०२३) ने रुंदावली आहे: आता स्वतःची सुरक्षितता आणि आवश्यक वैद्यकीय उपचार सांभाळता न येणंही त्यात येतं, आणि गंभीर व्यसनही.

तिकडचा_पाऊस

न्यू यॉर्क-न्यू जर्सीकरांनी वरचे फॉर्म घेऊन तिथल्या कोर्टात जाऊ नये. न्यू यॉर्कमध्ये केंड्राज लॉ, लॉराज लॉसारखाच कायदा, १९९९ पासून. तिथेही पालक, जोडीदार, भावंडं अर्ज करू शकतात. अट अशी की अर्जाआधीच्या १० दिवसांत डॉक्टरने तपासलेलं किंवा तसा प्रयत्न केलेला हवा आणि त्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. ६० दिवस कॅलिफोर्नियाचे, १० दिवस न्यू यॉर्कचे. गल्लत करू नका.

सॅनमतेओकर

विम्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मुलगा २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या कंपनीच्या विम्यावर असतो. "काउंटीची सेवा फक्त मेडी-कॅलवाल्यांना" असं समजून लोक अर्जच करत नाहीत. केअर अ‍ॅग्रीमेंट किंवा कोर्टाने मंजूर केलेल्या प्लॅनमधल्या सेवांचा खर्च कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालच्या आरोग्य विम्याने द्यायचा आहे, आधी मंजुरी न मागता. को-पे नाही, डिडक्टिबल नाही, अपवाद फक्त औषधांचा. काउंटी सेवा देते आणि बिल विमा कंपनीला पाठवते. मात्र मोठ्या कंपन्यांचे 'सेल्फ-फंडेड' (खर्च कंपनी स्वतः उचलते ते) प्लॅन फेडरल कायद्याखाली येतात, त्यांना राज्याचा हा नियम लागू होत नाही. कार्डावर कुठल्याही विमा कंपनीचं नाव असो, एचआरला विचारा: "आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?"

पर्वतीपायथा

आईवडील पुण्यात, मुलगा सॅन होजेत एकटा. पुण्यातून अर्ज होतो का? आणि पुण्याच्या सायकिअ‍ॅट्रिस्टचं जुनं सर्टिफिकेट चालेल का?

जिन्याखालचा

आई किंवा वडील अर्जदार होऊ शकतात. अर्जदाराने कॅलिफोर्नियात राहावं अशी अट नाही. अर्ज त्या काउंटीत करायचा जिथे *मुलगा* राहतो, सापडतो किंवा जिथे त्याच्यावर खटला चालू आहे. इथे सॅन्टा क्लारा. रिस्पॉन्डंट नागरिक असावा असंही निकषांत कुठे नाही.

पुण्याचं सर्टिफिकेट केअर-१०१ ची जागा घेऊ शकत नाही, त्यासाठी कॅलिफोर्नियाचा परवाना असलेला व्यावसायिक लागतो. आजाराचा पूर्वेतिहास म्हणून मात्र जरूर जोडा, इंग्रजी भाषांतरासह. हकिकतीत व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर स्वतः पाहिलेलं-ऐकलेलं लिहिता येतं: "९ तारखेच्या व्हिडिओ कॉलवर सगळ्या खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलेलं दिसलं." रूममेटने सांगितलेलं असेल तर 'रूममेटने सांगितलं' असंच लिहा, किंवा त्याहून बरं, रूममेटचं वेगळं निवेदन लावा.

पहिल्या हजेरीचा प्रश्न राहतो. दूरस्थ हजेरी बऱ्याच कोर्टांत चालते, पण क्लार्ककडे आधी विचारून ठरवा. सकाळी ९ ची सुनावणी म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा.

उंबराचं_फूल

आईला इंग्रजीत बोलायचा धीर होत नसेल तर दुभाषा मागा, फुकट असतो. फॉर्म आयएनटी-३००. कॅलिफोर्नियात मराठी 'सर्टिफाइड' भाषांच्या यादीत नाही, त्यामुळे 'रजिस्टर्ड' दुभाषा शोधावा लागतो आणि तो चटकन मिळत नाही. पहिली तारीख कळताच मागा. "हिंदी चालेल का?" असं क्लार्क विचारेल. चालत असेल तर हो म्हणा, पण आजाराची वर्णनं हिंदीत नीट सांगता येत नसतील तर मराठीचाच आग्रह धरा. 'त्याच्या अंगात येतं' आणि 'त्याला आवाज ऐकू येतात' यांतला फरक दुभाष्याच्या हातून निसटला तर साक्षीचा अर्थच बदलतो. नातेवाइकाला दुभाषा करू नका.

पर्वतीपायथा

आभार. त्याला परत पुण्यात आणलं तर इथे असं कोर्ट आहे का?

शमी

नाही. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे आणि त्यात असा कोर्टाच्या देखरेखीखालचा बाह्यरुग्ण कार्यक्रम नाही. कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. दोन व्यावसायिकांनी स्वतंत्र तपासायला हवं, त्यांतला एक सायकिअ‍ॅट्रिस्ट. संस्थेने पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ३० दिवसांपुढे कलम ९०. कॅलिफोर्नियाचा केअर प्लॅन भारतात लागू नाही, आणि केस चालू असताना मुलगा निघून आला तर ती तिकडे बंद पडेल. येण्याआधी वकिलाला कळवा आणि डिस्चार्जचे कागद, इंजेक्शनची शेवटची तारीख, मात्रा हे सगळं लेखी घेऊन या.

आवळेजावळे

एक अडचण. आईवडील दोघंही हयात नाहीत, मुलगा फ्रीमाँटला मामाकडे वाढला, आता गाडीत राहतो. मामा अर्ज करू शकतो का? कोण अर्ज करू शकतो त्या यादीत 'अंकल' कुठे दिसला नाही.

जिन्याखालचा

यादीत मामा, काका, मावशी, आत्या, चुलत-मावस भावंडं नाहीत. जोडीदार, आईवडील, भावंडं, सज्ञान मुलं, आजीआजोबा आहेत. पण त्याच यादीत आणखी दोन जागा आहेत: 'ज्याच्याबरोबर रिस्पॉन्डंट राहतो तो' आणि 'आईवडिलांच्या ठिकाणी असलेली व्यक्ती'. मुलगा आता त्यांच्याकडे राहत नाही, म्हणून पहिली गेली. दुसरीत मामा बसू शकतो. केअर-१०० मध्ये ती खूण करा आणि हकिकतीच्या पहिल्या परिच्छेदात आधार द्या: कोणत्या वर्षापासून सांभाळलं, शाळेच्या कागदांवर पालक म्हणून कोणाची सही, गार्डियनशिपचा आदेश असेल तर त्याची प्रत.

न्यायाधीशांना ते पटलं नाही तर इतर दारं आहेत. गेल्या ३० दिवसांत त्याच्यावर उपचार करणारा व्यावसायिक, वारंवार गाठ पडलेला पोलीस, पॅरामेडिक किंवा बेघरांसाठी काम करणारा आउटरीचवाला, काउंटीचा संचालक. मामाने हकीकत लिहून त्यांच्या हाती द्यायची. आणि अर्जदार दुसरा कोणी झाला तरी गाडीचा नंबर, रात्री ती कुठे उभी असते ते आणि मामाचा फोन नंबर अर्जात गेलाच पाहिजे.